वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत स्त्री आणि कृष्णवर्णीय रचनाकार: निवड कशी करावी?

मंद्रसप्तक:

नमस्कार,

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहान शहरात मी राहते आणि तेथील हौशी वाद्यवृंदात चेलो वाजवते. वादकांपैकी बहुतेक जण शिक्षक, परिचारिका, निवृत्त अभियंते अशी मंडळी आहेत. मानधन मिळते ते कंडक्टरला आणि अडीअडचणीला बाहेरून बोलावलेल्या वादकांना. वर्षाकाठी चार मैफली होतात आणि त्यांचा साचा ठरून गेलेला आहे: सुरुवातीला आठ-दहा मिनिटांचे ओव्हर्चर (आरंभीची छोटी रचना), मग एखादा कन्चेर्टो (एका पाहुण्या वादकाला पुढे ठेवून लिहिलेली रचना), मध्यंतर आणि उत्तरार्धात सिंफनी. यंदा मला कार्यक्रम समितीवर घेतले असून पुढच्या हंगामासाठी रचना सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

त्या निमित्ताने जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या, तेव्हा स्त्री रचनाकाराचे नाव एकदाच आढळले, आणि तेही नाताळच्या मैफलीतील एका कॅरोलच्या वाद्यवृंदासाठी केलेल्या मांडणीखाली. कृष्णवर्णीय रचनाकाराचे नाव कोठेच नव्हते. ही केवळ आमच्या गावाची गोष्ट नाही, याची मला कल्पना आहे. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांच्या २०१४-१५ च्या हंगामाची मोजदाद बॉल्टिमोर सिंफनी ऑर्केस्ट्राने केली होती, त्यात स्त्रियांच्या रचनांचे प्रमाण १.८ टक्के भरले. त्यानंतर पुष्कळ बदलले असे म्हणतात. परंतु 'दोन्ने' या लंडनच्या संस्थेने २०२१-२२ साठी ३१ देशांतील १११ वाद्यवृंद तपासले, तेव्हाही आकडा ७.७ टक्क्यांच्या पुढे गेला नाही.

समितीत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की मार्चमध्ये केवळ स्त्री रचनाकारांची एक मैफल करावी आणि फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या महिन्यात, एका कृष्णवर्णीय रचनाकाराची कृती घ्यावी. दुसरा गट म्हणतो, की रचना पाहावी, रचनाकार पाहू नये. शिवाय आमचा श्रोता तिकीट काढतो ते ब्राम्ससाठी. पहिल्या सूचनेत सगळा विषय दोन महिन्यांत उरकून टाकल्यासारखे मला वाटते, आणि दुसरी मान्य केली तर पुढच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका गेल्या वर्षीसारखीच छापली जाईल. आमच्या कुवतीला झेपतील अशा कोणत्या रचना आहेत, त्या कार्यक्रमात कोठे बसवाव्यात आणि गुणवत्तेच्या आक्षेपाला काय उत्तर द्यावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती. ज्यांच्या छापील प्रती प्रकाशकाकडून भाड्याने आणाव्या लागतात अशा रचना आम्हाला वर्षातून दोनच परवडतात.

तिसरी_घंटा:

मंद्रसप्तकताई, मी अमेरिकेतच एका व्यावसायिक वाद्यवृंदाच्या संगीत ग्रंथालयात काम करतो. वादकांच्या स्टँडवर जे कागद येतात, त्यांची जबाबदारी माझी. त्यामुळे हा प्रश्न मला वैचारिक कमी आणि कागदांचा जास्त वाटतो. प्रथम एक उदाहरण सविस्तर सांगतो.

फ्लोरेन्स प्राइस यांचा जन्म १८८७ मध्ये आर्कन्सॉमधील लिटल रॉक येथे झाला. त्यांच्या ई मायनरमधील पहिल्या सिंफनीला १९३२ मध्ये वॉनामेकर स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले आणि १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली ती वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी एखाद्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने वाजवण्याची ती पहिलीच वेळ होती. हे वाक्य आता प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते. त्या संध्याकाळच्या दोन गोष्टी मात्र सहसा छापल्या जात नाहीत. मैफलीचा आर्थिक भार शिकागोतील कृष्णवर्णीय संगीतसंस्थेच्या अध्यक्षा मॉड रॉबर्ट्स जॉर्ज यांनी उचलला होता, म्हणजे दार आतून उघडले गेले नव्हते. आणि 'संगीतातील निग्रो' या विषयाला वाहिलेल्या त्या मैफलीची सुरुवात झाली ती जॉन पॉवेल यांच्या ओव्हर्चरने. वंशशुद्धीचा उघड पुरस्कार करणारे आणि व्हर्जिनियातील १९२४ च्या वंशशुद्धी कायद्यामागे उभे राहिलेले हेच ते गृहस्थ. कार्यक्रम ठरवणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नसावे.

दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, प्राइस यांनी बोस्टन सिंफनीचे कंडक्टर सर्ज कूसेवित्स्की यांना पत्र लिहिले. आपल्या वाटेत दोन अडसर आहेत, एक स्त्री असण्याचा आणि दुसरा वंशाचा, असे सांगून त्यांनी केवळ गुणांवर आपले संगीत पारखावे अशी विनंती केली. कूसेवित्स्की यांनी त्यांची एकही रचना वाजवली नाही. प्राइस १९५३ मध्ये वारल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधील सेंट ॲन या गावी एका पडीक घराची डागडुजी करू पाहणाऱ्यांना हस्तलिखितांचे ढीग सापडले. ते घर एकेकाळी प्राइस उन्हाळ्यात वापरत असत. त्या ढिगांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो आणि चौथी सिंफनी होती. चौथी सिंफनी प्रथम वाजली ती २०१८ मध्ये, आर्कन्सॉमधील फोर्ट स्मिथ या छोट्या शहराच्या वाद्यवृंदाकडून. मोठे वाद्यवृंद नंतर जागे झाले. कंडक्टर यानिक नेझे-सेगँ आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा यांनी केलेल्या पहिल्या व तिसऱ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले.

आता माझ्या कामाकडे येतो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आमचा संच, म्हणजे सगळ्या वादकांच्या प्रती, कपाटात आहे. पहिल्या व्हायोलिनच्या प्रतीवर तीन-चार पिढ्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत: गज कोठे वर आणि कोठे खाली, पान उलटायला उसंत कोठे मिळते, कोणत्या ठिकाणी कंडक्टरकडे पाहावेच लागते. तो संच स्टँडवर ठेवला की वाद्यवृंद निम्मा तयार असतो. नव्याने छापलेला संच मात्र कोरा येतो. प्रमुख व्हायोलिनवादकाने आधी गजाच्या खुणा कराव्या लागतात, मग त्या पाहून दुसऱ्या व्हायोलिनच्या, व्हायोलाच्या, चेलोच्या प्रमुखांनी आपापल्या खुणा कराव्या लागतात, आणि मग आम्ही त्या प्रत्येक प्रतीवर उतरवतो. त्यात हस्तलिखितावरून घाईने छापलेल्या संचांत चुका असतात. तालमीत कंडक्टर थांबतो, हॉर्नवादक विचारतो की माझ्या प्रतीत शार्प आहे, आपल्या स्कोअरमध्ये (सगळी वाद्ये एकत्र लिहिलेल्या कंडक्टरच्या प्रतीत) काय आहे, आणि उत्तर सापडेपर्यंत सत्तर माणसे गप्प बसून राहतात. आठवड्याला चार तालमी असतील तर अशा थांबण्यातच पाऊण तालीम जाते. मैफलीत ती रचना किंचित बिचकत वाजते, समीक्षक लिहितो की कृती विस्कळीत आहे, आणि संच परत जातो. त्यावर आता ज्या खुणा झाल्या होत्या, त्याही खोडून परत द्याव्या लागतात, कारण भाड्याच्या संचाची अटच तशी असते.

म्हणून माझा आग्रह असा, की नवीन नाव आणताना ते दुसऱ्यांदा केव्हा वाजवणार हे त्याच बैठकीत ठरवावे. पहिल्या वादनाचा गौरव सर्वांना हवा असतो. दुसऱ्या वादनाला पैसे देणारा शोधूनही सापडत नाही.

आपल्या वाद्यवृंदासाठी मी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच रचनाकार लुईझ फारेंक यांची जी मायनरमधील तिसरी सिंफनी सुचवीन, आणि ती उत्तरार्धात ठेवावी, सुरुवातीला नव्हे. छापील संच मोफत उपलब्ध आहे, लांबी अर्ध्या तासाच्या आसपास आहे आणि वाद्ये फार लागत नाहीत: तंतुवाद्ये, लाकडी सुषिरवाद्यांच्या जोड्या, दोन हॉर्न आणि टिंपनी. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन नाहीत, तेव्हा त्या मंडळींचा रुसवा काढण्यासाठी पूर्वार्धात काहीतरी दणदणीत ठेवावे लागेल.

चिकित्सक:

मी पुण्याचा, वाजवता काही येत नाही, केवळ ऐकणारा. परंतु या सगळ्या चर्चेत श्रोत्याचा विचार शेवटी येतो, म्हणून विरोधी बाजू मांडतो.

तिसरी_घंटा यांनीच सांगितले की प्राइस यांनी गुणांवर पारख करा असे लिहिले होते. मग आज त्यांची सिंफनी जाहीर करताना 'पहिली कृष्णवर्णीय स्त्री' हे शब्द नावाच्याही आधी का येतात? हा त्यांच्या विनंतीचा मान राखणे झाले का? दुसरे असे, की मी त्यांची पहिली सिंफनी ऐकली आहे. दुसऱ्या भागात पितळी वाद्यांवर जे प्रार्थनागीत येते ते मनात राहते, हे मान्य. परंतु पहिला भाग लांबलेला आहे, आणि चेक रचनाकार द्वोराकच्या 'नव्या जगा'च्या सिंफनीची सावली त्यावर इतकी दाट आहे की मूळच ऐकावे असे वाटत राहते. असे म्हटले की माणूस लगेच प्रतिगामी ठरतो. कार्यक्रमात बारा जागा असतील तर एक नवे नाव आत येताना एक जुने बाहेर जाते. ते कोणते, हे कोणी सांगत नाही. टक्केवारी गाठण्यासाठी निवड झाली असा संशय एकदा श्रोत्याच्या मनात आला, की उत्तम रचनेकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो, आणि नुकसान होते ते त्या रचनाकाराचेच.

वादी_संवादी:

चिकित्सक यांचा लेबलाबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. जाहिरातीत रचनाकाराचे नाव, रचनेचे नाव आणि स्वरपट्टी एवढेच असावे. बाकीचे आत वाचायला मिळते. द्वोराकच्या सावलीचा मुद्दा मात्र उलटा पाहण्यासारखा आहे. द्वोराक १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कन्झर्व्हेटरीत आले, तेथे हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने त्यांना स्पिरिच्युअल्स, म्हणजे कृष्णवर्णीयांची भक्तिगीते, गाऊन दाखवली, आणि अमेरिकेचे भावी संगीत याच सुरावटींवर उभे राहायला हवे असे त्यांनी १८९३ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढे त्याच समाजातील रचनाकारांनी त्या सुरावटींवर सिंफन्या लिहिल्या, तेव्हा त्या द्वोराकसारख्या वाटतात म्हणून बाजूला ठेवायच्या, याला काय म्हणावे? प्राइस यांच्या तिसऱ्या भागाचे नावच 'जुबा डान्स' आहे. ढोल हाती लागू दिले जात नसताना मळ्यांवरील गुलाम टाळ्या आणि मांड्यांवरील थापांनी ज्या नाचाला ताल धरत, तो हा नाच. ती लय द्वोराककडून आलेली नाही. पहिला भाग लांबलेला आहे, हे मात्र मलाही वाटते, आणि शुबर्टच्या नवव्या सिंफनीबद्दलही लोक तेच म्हणत असतात.

आता गुणवत्ता. गुणवत्तेची पारख वारंवार ऐकण्याने होते, आणि वारंवार ऐकायला मिळणे हे गुणवत्तेवर अवलंबून आहे असे सांगितले जाते. या वर्तुळात शिरायचे कोठून, हा खरा पेच आहे. बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'ला मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा उभे केले. माहलरच्या सिंफन्या आज सर्वत्र वाजतात, परंतु १९६० च्या दशकात लेनर्ड बर्नस्टीन यांनी त्या लावून धरल्या नसत्या तर त्या इतक्या लवकर रुळल्या नसत्या. त्यांच्यासाठी कोणीतरी हट्ट धरला. याउलट कृष्णवर्णीय अमेरिकन रचनाकार विल्यम डॉसन यांची 'निग्रो फोक सिंफनी' पाहा. १९३४ मध्ये कंडक्टर स्टोकोव्स्की यांनी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडून ती वाजवली, कार्नेगी हॉलमध्ये नेली, रेडिओवरून देशभर ऐकवली. श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. त्यानंतर दशकानुदशके ती क्वचितच वाजली. डॉसन १९९० पर्यंत हयात होते आणि त्यांनी दुसरी सिंफनी लिहिली नाही. येथे श्रोत्याने नाकारले असे म्हणता येत नाही. ज्यांच्या हातात कार्यक्रम होता त्यांनी ती पुन्हा स्टँडवर ठेवली नाही, एवढेच.

फारेंक यांचीही एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पॅरिसच्या कन्झर्व्हातुआरमध्ये १८४२ पासून त्या पियानोच्या प्राध्यापक होत्या, परंतु पुरुष सहकाऱ्यांपेक्षा वेतन कमी. १८५० मध्ये त्यांच्या नोनेटला (नऊ वाद्यांच्या रचनेला) मोठे यश मिळाले, पुढे नामवंत झालेला तरुण योआखिम त्यात व्हायोलिन वाजवत होता, आणि त्यानंतर त्यांनी समान वेतन मागून घेतले. म्हणजे गुणवत्ता सिद्ध झाली होती, लेखी मान्यही झाली होती. तरी सिंफन्या विसरल्या गेल्याच.

मी लंडनमध्ये राहतो. येथे २०१५ मध्ये चि-ची न्वानोकू या कॉन्ट्राबासवादक बाईंनी 'चिनेके!' हा वाद्यवृंद स्थापन केला, ज्यातील बहुसंख्य वादक कृष्णवर्णीय आणि अन्य अल्पसंख्याक समाजांतील आहेत. त्यांच्या पहिल्याच मैफलीत कृष्णवर्णीय इंग्रज रचनाकार सॅम्युएल कोलरिज-टेलर यांचे ए मायनरमधील 'बॅलड' आणि फिलिप हर्बर्ट यांची शोकरचना यांच्या शेजारी ब्राम्स आणि बेथोव्हेनची सातवी सिंफनी होती. ताईंच्या समितीतील दोन्ही तटांना हा कार्यक्रम दाखवावा असे वाटते. ते 'बॅलड' सुमारे बारा मिनिटांचे आहे, १८९८ मध्ये एल्गार यांच्या शिफारशीवरून ग्लॉस्टरच्या महोत्सवासाठी लिहिले गेले, आणि ट्रॉम्बोनवाल्यांनाही त्यात काम आहे.

मोठ्या संस्था किती सावकाश हलतात, याचे एकच उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९०३ मध्ये एथेल स्माइथ यांचा ऑपेरा सादर केला. स्त्रीने रचलेला त्यानंतरचा ऑपेरा तेथे झाला तो काया सारिआहो यांचा, २०१६ मध्ये. मधली ११३ वर्षे स्त्रिया लिहीतच होत्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्ष मैफलीत स्त्री रचनाकाराचे वॉल्ट्झ प्रथम वाजले ते २०२५ मध्ये.

मांडवीतीर:

वरील चर्चा वाचताना एक गोष्ट जाणवली. विविधता म्हटले की अमेरिकेच्या संदर्भात कृष्णवर्णीय आणि स्त्रिया हे दोन गट डोळ्यांसमोर येतात आणि तेथील इतिहास पाहता ते योग्यही आहे. तथापि आपल्याकडचे रचनाकार कोठे बसतात, याचाही उल्लेख व्हावा.

मी मूळचा गोव्याचा, मुंबईत व्हायोलिन वाजवतो. आमच्या घराण्यांतून चर्चच्या गायनशाळेत स्वरलेखन शिकून मुंबईला आलेले वादक शेकड्यांनी होते. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी आयुष्ये काढली आणि रचनाकार म्हणून त्यांची नावे कोठेच लागली नाहीत. त्यांतील अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. आज गोन्साल्विस लोकांना ठाऊक आहेत ते एका चित्रपटगीतातील नावामुळे. त्या रचना कोणी वाजवत नाही. तिसरी_घंटा म्हणतात त्या दुसऱ्या वादनाचा प्रश्न असा इथेही आहे.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. झाकिर हुसेन यांचा 'पेशकार' हा तबल्याचा कन्चेर्टो त्यांनीच मागवला आणि २०१५ मध्ये सादर केला. परंतु भारतीय रचनाकाराकडून अपेक्षा बहुधा अशीच असते, की त्याने तबला नाहीतर सतार घेऊन यावे. नरेश सोहल यांच्यासारखा पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिणारा पंजाबी रचनाकार, ज्याची 'द वाँडरर' ही रचना १९८२ मध्ये बीबीसी प्रॉम्समध्ये वाजली, तो कोण हे आपल्याकडे सांगावे लागते.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील रीना इस्माईल यांचे काम मला वेगळे वाटते. त्यांच्या 'मेरी सखी की आवाज' या रचनेत पाश्चात्त्य सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) आणि हिंदुस्थानी गायिका समोरासमोर गातात. सुरुवातच होते ती देलिबच्या 'लाक्मे'तील प्रसिद्ध युगुलगीताचा धागा पकडून, म्हणजे भारतात घडणाऱ्या परंतु भारताशी फारसा संबंध नसलेल्या १८८३ च्या फ्रेंच ऑपेराचा. हिंदुस्थानी गायिकेची बाजू सायली ओक यांनी गायली आहे. रागसंगीत येथे शोभेसाठी चिकटवलेले नाही. वाद्यवृंदाला त्याच्या चालीने चालावे लागते. हौशी वाद्यवृंदाला ही रचना जड जाईल, तेव्हा आपण ती घ्यावी असे मी म्हणत नाही. समितीला ऐकवावी, इतकेच.

मंद्रसप्तक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फारेंक आणि कोलरिज-टेलर यांची नावे मी समितीपुढे ठेवली आणि, आश्चर्य म्हणजे, ब्राम्सवाल्या गटाला फारेंक यांची सिंफनी ऐकल्यावर पसंत पडली. "हे तर मेंडेल्सोनसारखे आहे," असे एकजण म्हणाले. ही स्तुती समजावी की काय, ते ठरवता आले नाही. मार्चच्या वेगळ्या मैफलीची सूचना मागे पडली आहे.

आता दोन अडचणी राहिल्या आहेत. कन्चेर्टो कोणता, हे पाहुणा वादक ठरवतो आणि तो आपल्या बोटांवर बसलेलेच सुचवतो. तेथे समितीचे काही चालत नाही. दुसरी अडचण पैशांची आहे. एखाद्या हयात स्त्री रचनाकाराकडून नवीन कृती लिहवून घ्यावी अशी कंडक्टरांची इच्छा आहे, परंतु अनुदानाचे वारे उलटे फिरलेले आहेत. २०२५ मध्ये राष्ट्रीय कला निधीने अनेक संस्थांची मंजूर झालेली अनुदाने रद्द केली, तेव्हापासून आमचे खजिनदार 'विविधता' हा शब्द अर्जात लिहू देत नाहीत.

चिकित्सक:

मेंडेल्सोनची आठवण येणे ही तक्रार असेल तर मी ती मागे घ्यायला तयार आहे. वादी_संवादी यांच्या डॉसनच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. ती सिंफनी मी शोधून ऐकली आणि तिचा मधला भाग, एकसुरी घंटेसारख्या ठोक्यांवर उभा असलेला, मला प्राइस यांच्यापेक्षा सरस वाटला. कोणते जुने नाव बाहेर जाणार, हा प्रश्न मात्र तसाच आहे. ताईंनी ते उघडपणे सांगावे, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही.

तिसरी_घंटा:

चिकित्सक यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. कोणत्याही हौशी वाद्यवृंदाच्या यादीत एक-दोन ओव्हर्चरे अशी असतात की जी केवळ संच कपाटात आहे म्हणून दर तीन वर्षांनी वाजतात. पहिल्यांदा ती जावीत. त्यांच्यासाठी कोणी तिकीट काढलेले नसते.

नवीन रचना लिहवून घेण्याबद्दल मी सावध राहायला सांगेन. १९५३ मध्ये लुइव्हिलच्या वाद्यवृंदाला रॉकफेलर फाउंडेशनकडून चार लाख डॉलर मिळाले आणि त्यांनी आठवड्यामागून आठवडे नव्या रचना सादर केल्या. त्यांतील फारच थोड्या आज कोठे ऐकू येतात. अलीकडच्या योजनांनी यातून धडा घेतलेला दिसतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीनिमित्त १९ स्त्रियांकडून रचना मागवल्या, त्यांतील तानिया लेऑन यांच्या 'स्ट्राइड'ला २०२१ चे पुलित्झर मिळाले आणि ती नंतर इतरत्रही वाजू लागली. लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राजच्या योजनेत तर सहा स्त्री रचनाकार आणि ३० वाद्यवृंद अशी बांधणीच केलेली आहे, म्हणजे प्रत्येक रचना एकाहून अधिक ठिकाणी वाजणे आधीच ठरलेले असते. आपल्या आसपासचे चार-पाच हौशी वाद्यवृंद एकत्र आले तर खर्च वाटला जातो, आणि पहिल्या गावात सापडलेल्या चुका दुसऱ्या गावापर्यंत दुरुस्त होतात. अर्जात कोणता शब्द लिहायचा हे खजिनदारांना ठरवू द्या. 'परिसरातील वाद्यवृंदांचा सहकार्य प्रकल्प' असे लिहिले तरी ते खरेच आहे.

कन्चेर्टोबाबत पाहुण्या वादकाची वाट न पाहता आधी रचना ठरवून मग वादक शोधावा. क्लारा शुमान यांचा ए मायनरमधील पियानो कन्चेर्टो घ्या. १८३५ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये मेंडेल्सोनच्या संचालनाखाली त्यांनी तो स्वतः वाजवला, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. तो वीस-एकवीस मिनिटांचा आहे, संच मोफत आहे, आणि जवळच्या विद्यापीठातील पियानोचा एखादा तयार विद्यार्थी तो आनंदाने शिकेल. शिवाय यात आपला स्वार्थही आहे: मधल्या भागात बाकीचा वाद्यवृंद गप्प असतो आणि पियानोच्या सोबतीला एकटा चेलो गातो. आपण पहिल्या खुर्चीवर बसत असाल तर आतापासून तयारीला लागा. नसाल तर जो बसतो त्याला समितीच्या बाजूने वळवायला यापेक्षा चांगले साधन नाही.

मग भाड्याच्या दोन जागा मोकळ्या राहतात. एक प्राइस यांच्या 'इथिओपियाज शॅडो इन अमेरिका'ला द्यावी. सुमारे तेरा मिनिटांची ही रचना त्यांच्या सिंफनीच्या मानाने आवाक्यातली आहे. संचाची मागणी मैफलीच्या सहा महिने आधी नोंदवा, स्कोअर आधी मागवून कंडक्टरांना प्रतींशी ताडून पाहू द्या, आणि सापडलेल्या चुकांची यादी प्रकाशकाकडे पाठवताना तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा. दुसऱ्या वेळी तीच कामाला येईल. दुसरी जागा यंदा रिकामी ठेवून तिचे पैसे पुढच्या वर्षी हीच रचना पुन्हा भाड्याने आणण्यासाठी राखून ठेवता आले, तर खजिनदारांशी आत्ताच बोलून घ्या.